आयोडीन सारखा, तरी रबर वेगळं वागतं: कार्बन ब्लॅकचं स्ट्रक्चर, पुंजके आणि ढेकळं

कंपाउंडर_वाळूज

नमस्कार मंडळी. इथे रबरातले बरेच जण आहेत म्हणून हा धागा काढतोय. जे रबरातले नाहीत त्यांनीही वाचा, कारण टायरमध्ये कार्बन असतो म्हणून तो काळा एवढ्यावरच आपल्याकडे विषय संपतो आणि खरी गंमत तिथून पुढे सुरू होते.

निमित्त असं की ओळखीच्या एका युनिटमधून फोन आला, रिट्रेडिंगसाठी (जुन्या टायरवर नवा वरचा थर चढवायला) ट्रेड रबर बनवतात ते. नेहमीचा एन३३० ग्रेडचा कार्बन ब्लॅक (रबराला बळकटी देणारी काळी पूड) मिळत नव्हता म्हणून त्यांना एन३२६ दिला गेला आणि सांगितलं गेलं की दोन्ही एकाच साइजचे, आयोडीन नंबर (पृष्ठभागाचं माप) दोन्हीचा ८२, डोळे झाकून वापरा. रेसिपी तीच, बॅनबरी मिक्सरची सायकल तीच, पण एक्सट्रूडरमधून पट्टी आली ती डायबाहेर जास्त फुगलेली, कडा ओबडधोबड. लॅबमध्ये टेन्साइल (तुटेपर्यंतची ताकद) ठीक, इलाँगेशन (तुटेपर्यंतचा ताण) वाढलेलं, मूनी (कच्च्या रबराचा घट्टपणा) कमी, आणि ३०० टक्क्यांचं मॉड्युलस (तितकं ताणायला लागणारं बळ) दोन-तीन एमपीएने खाली. आधी सल्फरवर संशय, मग ॲक्सिलरेटरवर, मग रिओमीटरच बिघडलाय का इथपर्यंत सगळं झालं. पण कोणी ओएएन, म्हणजे कार्बनची रचना दाखवणारा आकडा, बघितला नाही. एन३३० चा असतो १०२, एन३२६ चा ७२. उत्तर तिथेच होतं.

आपण "कण" म्हणतो आणि डोळ्यासमोर सुटा गोल दाणा येतो ना, तसा सुटा दाणा नेहमीच्या फर्नेस ब्लॅकमध्ये जवळजवळ नसतोच. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसतो तो द्राक्षाच्या घडासारखा पुंजका, त्यातला एकेक मणी एन३३० मध्ये साधारण ३० नॅनोमीटरचा, आणि अख्खा पुंजका शंभर-दोनशे नॅनोमीटरच्या घरात. मणी एकमेकांना नुसते चिकटलेले नसतात. आतले कार्बनचे थर एका मण्यातून दुसऱ्यात सलग जातात, हायडेनराइख, हेस आणि बॅन यांनी १९६८ मध्ये सूक्ष्मदर्शकातून हे थर कसे गोलाकार रचलेले असतात ते दाखवलं होतं. म्हणजे सांधा पक्का. हा पुंजका म्हणजे ॲग्रिगेट, रबरात जाणारं खरं एकक तेच.

मग हे पुंजके एकमेकांजवळ आले की व्हॅन डर वाल्स ओढीने त्यांची ढेकळं होतात, काही मायक्रॉनपासून पुढे कितीही मोठी, ते ॲग्लोमरेट. ढेकूळ मिक्सरमध्ये फुटतं, फुटलंच पाहिजे. पुंजका सहसा फुटत नाही.

ग्रेडच्या नावातला पहिला आकडा पृष्ठभागाबद्दल बोलतो, ३ म्हणजे नायट्रोजनने मोजलेला ७० ते ९९ चौरस मीटर प्रति ग्रॅम. पुढचे दोन आकडे नुसते ओळीने दिलेले नंबर आहेत, त्यात स्ट्रक्चर, म्हणजे पुंजका किती फांद्यांचा आहे ते, लिहिलेलं नसतं. त्यामुळे ३२६, ३३०, ३४७ तिन्ही "तीनशे सिरीज" पण ओएएन ७२, १०२ आणि १२४. रबराच्या दृष्टीने तीन वेगळे माल आहेत हे, आणि माझं स्पष्ट मत आहे की ग्रेड बदलताना फक्त आयोडीन सांगणं म्हणजे ग्राहकाला अर्धीच माहिती देणं.

---

मृण्मयी_के

छान लिहिलंय दादा. मी केमिस्ट्रीची पण रबराची नाही, म्हणून दोन प्रश्न. ओएएन म्हणजे तेल शोषणं ना? मग तेल शोषण्यावरून आकार कसा कळतो? आणि हे मणी पक्के जोडले जातात ते नक्की कधी, तयार झाल्यावर की होता होता?

---

कंपाउंडर_वाळूज

@मृण्मयी_के ताई, दुसरा प्रश्नच मुख्य आहे, पण आधी पहिला घेतो.

वाळवलेलं कार्बन वजन करून, २० ग्रॅमच्या आसपास, ॲब्सॉर्प्टोमीटरच्या भांड्यात टाकतात, आत दोन पाती फिरत असतात आणि वरून थेंब थेंब तेल सोडतात. पूर्वी डायब्युटाइल थॅलेट वापरायचे म्हणून जुने लोक अजून "डीबीपी किती" असंच विचारतात, आता पॅराफिन तेलही चालतं. सुरुवातीला पावडर मोकळी फिरते, तेल पुंजक्यांच्या फांद्यांमधल्या आणि पुंजक्या-पुंजक्यांमधल्या पोकळ्या भरत जातं, पोकळ्या भरत आल्या की सगळं एकदम घट्ट होतं आणि टॉर्क उसळतो. तिथपर्यंत १०० ग्रॅमला किती मिलिलिटर तेल लागलं तो ओएएन. वेडावाकडा फांद्यांचा पुंजका असेल तर शेजारी नीट बसत नाही, पोकळी जास्त, तेल जास्त.

हिशोब करून बघा म्हणजे डोक्यात बसेल. कार्बनची खरी घनता १.८ धरली तर १०० ग्रॅमचं घन आकारमान ५५ मिलिलिटर. एन३३० ने १०२ तेल घेतलं म्हणजे एकूण जागेतली ६५ टक्के पोकळी. एन३२६ मध्ये ७२ भागिले १२७, म्हणजे ५७ टक्के. एन३४७ मध्ये ६९ च्या पुढे. कार्बन तेच, मणी जवळपास तेवढेच, फरक फक्त रचनेचा.

आता जोडणी. फर्नेसमध्ये इंधन आणि तापवलेली हवा जाळून झोत तयार करतात, त्यात कोळशाच्या डांबरापासूनचं किंवा रिफायनरीतलं जड ॲरोमॅटिक तेल फवारतात. तापमान १३०० पासून १९०० सेल्सिअसपर्यंत, ग्रेडप्रमाणे. तेलाची वाफ होते, रेणू तुटतात, मोठी ॲरोमॅटिक चकत्यांसारखी संयुगं होतात, त्यांची बारीक बीजं पडतात, बीजं एकमेकांवर आपटतात आणि त्याच वेळी त्यांच्यावर वाफेतून कार्बनचा थर चढतच असतो. हे "त्याच वेळी" महत्त्वाचं. वाढ चालू असताना दोन मणी टेकले की नवा थर दोघांवर मिळून चढतो आणि सांधा कायमचा पक्का होतो. वाढ थांबल्यावर टेकले तर नुसते टेकूनच राहतात, ते ढेकळात जमा. म्हणजे कोण पुंजका आणि कोण ढेकूळ हे टक्कर कधी झाली त्यावर ठरतं, आणि हा सगळा खेळ मिलिसेकंदांचा असतो, मग पाण्याचा फवारा मारून थांबवतात.

---

रिॲक्टरवाले_काका

कंपाउंडर यांनी बरोबर मांडलंय, थोडी भर घालतो. अनेक वर्षं ब्लॅक बनवण्याच्या बाजूला काढली, आता निवृत्त.

तापमान वाढवलं की बीजं जास्त पडतात, तेवढंच तेल जास्त बीजांत वाटलं जातं म्हणून मणी बारीक. हा झाला पृष्ठभागाचा हँडल. स्ट्रक्चरचा हँडल वेगळा, आणि तो मला कायम विलक्षण वाटत आलाय, तो म्हणजे पोटॅशियम. पोटॅशियमचं क्षार पाण्यात विरघळवून रिॲक्टरमध्ये अगदी थोडं सोडलं की ओएएन धाडकन खाली येतो. पोटॅशियम त्या उष्णतेत सहज इलेक्ट्रॉन सोडतं, वाढणाऱ्या मण्यांवर एकाच जातीचा विद्युतभार बसतो, ते एकमेकांना ढकलतात, टक्कर कमी, पुंजका लहान. एन३२६ सारखे लो-स्ट्रक्चर ग्रेड असेच काढतात. कंट्रोल रूममध्ये बसून त्या एका पंपाचा फ्लो थोडा वाढवायचा आणि पुढच्या सॅम्पलला आकडा खाली आलेला बघायचा, एवढं सूक्ष्म काहीतरी आपण हाताने वळवतोय ही भावना माझी नोकरी संपेपर्यंत गेली नाही.

ऑइल फर्नेस पद्धत १९४३ मध्ये टेक्ससमधल्या बोर्गरला फिलिप्स कंपनीने सुरू केली, त्याआधी रबराला लागणारा चांगला ब्लॅक म्हणजे चॅनेल ब्लॅक, नैसर्गिक वायूच्या असंख्य छोट्या ज्योती लोखंडी पट्टीखाली जाळायच्या आणि जमलेली काजळी खरवडायची. चॅनेलमध्ये स्ट्रक्चर असं हाताने वळवता येत नव्हतं. आपल्याकडे दुर्गापूर, रेणुकूट, आणि महाराष्ट्रात पाताळगंगा, सगळीकडे फर्नेसच.

दुसऱ्या टोकाला थर्मल ब्लॅक, एन९९०. तो हवेशिवाय तापलेल्या भट्टीत नैसर्गिक वायू फोडून करतात, मणी अडीचशे-तीनशे नॅनोमीटरचे आणि बरेचसे सुटे किंवा दोन-चार जोडलेले. "सुटा गोल दाणा" बघायचाच असेल तर तिथे बघा. ओ-रिंगवाले वापरतात, भरपूर टाकला तरी रबर फार कडक होत नाही.

---

उसगावचो_अभियंता

काका मस्त माहिती. मी टायरमधला. एन३२६ ला धाग्यात जरा व्हिलन केलंय असं वाटलं म्हणून लिहितोय. स्टील कॉर्डवर जे स्किम कंपाउंड चढवतात त्यात ३२६ जगभर वापरतात आणि ते मुद्दाम, कारण कंपाउंड पातळ वाहतं, तारांच्या वळ्यांमध्ये आत शिरतं, फाटायलाही चिवट. तिथे ३४७ टाकला तर कॉर्डच्या आत रबर नीट पोचणार नाही. उलट इनरलाइनर, होज, प्रोफाइल यांना एफईएफ म्हणजे एन५५०, त्याचा आयोडीन फक्त ४३ पण ओएएन १२१, मणी जाडे पण पुंजका फांद्यांचा, म्हणून एक्सट्रूजन गुळगुळीत आणि माप धरून राहतं. एन६६० चा आयोडीन ३६, ओएएन ९०. पृष्ठभाग आणि स्ट्रक्चर हे दोन वेगवेगळे नॉब आहेत हे ५५० वरून सगळ्यात चांगलं कळतं.

आणि डाय स्वेल, म्हणजे डायबाहेर पट्टीचं फुगणं, स्ट्रक्चरने कमी का होतो ते सांगा ना कोणीतरी, आमच्या नव्या मुलांना मी "होतो बाबा कमी" एवढंच सांगतो.

---

कंपाउंडर_वाळूज

@उसगावचो_अभियंता बरोबर, ३२६ वाईट नाहीच, चुकीच्या जागी गेला एवढंच.

डाय स्वेलचं असं. पुंजक्याच्या फांद्यांच्या बेचक्यांत रबर अडकतं. बाहेरचं रबर ताणलं जातं तेव्हा बेचक्यातलं तितकं ताणलं जात नाही, ते कार्बनचाच भाग असल्यासारखं वागतं. याला ऑक्लूडेड रबर म्हणतात, कॅबॉट या कार्बन ब्लॅक कंपनीतल्या मेडालियाने १९७० च्या आसपास हे नीट मांडलं आणि डीबीपीवरून हिशोबाचं सूत्र दिलं. त्या सूत्रात १०२ टाकलं तर कार्बनचं आकारमान जणू २.१८ पट होतं, ७२ टाकलं तर १.७४ पट. पुढे त्यानेच सांगितलं की अडकलेलं सगळं रबर पूर्ण निष्क्रिय नसतं, साधारण अर्धं धरा. तरी फरक राहतोच.

नॅचरल रबरात ५० पीएचआर (१०० भाग रबराला ५० भाग) ब्लॅक म्हणजे आकारमानाने साधारण पाचवा भाग. डायमधून जाताना रबराच्या साखळ्या ताणल्या जातात आणि बाहेर पडल्यावर मागे आकसतात, म्हणून पट्टी जाड होते. जितकं रबर बेचक्यात बंद तितकं आकसायला मोकळं रबर कमी. मॉड्युलस, मूनी, स्वेल, तिन्ही तक्रारींचं मूळ हे एकच. टेन्साइल फारसा का हलला नाही, तर तो जास्त करून पृष्ठभागावर जातो आणि पृष्ठभाग तर तेवढाच होता.

---

संशोधक_हॅनोव्हर

वाचतेय आणि खूप बरं वाटतंय, माझं कामच फिलर नेटवर्कवर, म्हणजे रबरातल्या कार्बनच्या जाळ्यावर, आहे आणि मराठीत यावर बोलायला कोणी मिळत नाही!

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. ढेकळं मिक्सरमध्ये फुटली म्हणजे विषय संपत नाही. फोडलेले पुंजके रबरात पुन्हा एकमेकांकडे सरकतात, कंपाउंड गरम पडून राहिलं किंवा प्रेसमध्ये क्युअर व्हायच्या आधी तापलं की जास्तच, आणि पुंजक्यांचं सलग जाळं बनतं. हे जाळं दिसतं कसं, तर अगदी कमी ताणाला, ०.१ टक्क्याच्या आसपास, मॉड्युलस खूप जास्त येतं आणि ताण १० टक्क्यांपर्यंत नेला की धपकन पडतं. पेन इफेक्ट, ब्रिटिश संशोधक ए. आर. पेन यांच्या नावाने, १९६० च्या दशकातलं काम. ताण काढून थोडा वेळ दिला की मॉड्युलस बरंचसं परत येतं, म्हणजे पुंजके मोडलेले नसतात, त्यांच्यातले सैल बंध तुटलेले असतात. टायर फिरताना प्रत्येक फेरीत हे जाळं तुटतं, जुळतं, त्यात ऊर्जा उष्णता होऊन जाते आणि ती आपण पेट्रोलमध्ये भरतो. रोलिंग रेझिस्टन्सची अर्धी चर्चा इथेच आहे.

स्ट्रक्चर मोजायच्या बाबतीत मी कायम म्हणते की ओएएनच्या शेजारी सीओएएन बघा. त्यात कार्बन आधी १६५ मेगापास्कलला चार वेळा दाबतात आणि मग तेल मोजतात. एन३३० चा १०२ वरून ८८ होतो, ३४७ चा १२४ वरून ९९, आणि ३२६ चा ७२ वरून फक्त ६८. म्हणजे लांब फांद्यांचे कमकुवत सांधे दाबाखाली मोडतात, मिक्सरमध्येही थोडंफार तेच होतं. म्हणून "पुंजका फुटत नाही" याच्यापुढे "फारसा" हा शब्द लावते मी.

---

कंपाउंडर_वाळूज

ताई, हे फार चांगलं आणलंत. रबरात शेवटी उरतं ते सीओएएनच्या जवळचं स्ट्रक्चर, त्यामुळे माझ्या मते रेसिपी बदलताना तोच आकडा धरावा.

---

शंकासुर७७

एक खटकतंय. एन३३० चा पृष्ठभाग ७८ चौरस मीटर प्रति ग्रॅम आणि घनता १.८ वरून गोल मण्याचा व्यास काढला, ६००० भागिले गुणाकार, तर ४२-४३ नॅनोमीटर येतो. वर तुम्ही ३० म्हणताय. कोण खरं?

---

संशोधक_हॅनोव्हर

दोन्ही. मायक्रोस्कोपवाली सरासरी ही मणी मोजून काढलेली, त्यात बारक्या मण्यांचं मत मोठ्याएवढंच. पृष्ठभागावरून काढलेली सरासरी मोठ्या मण्यांकडे झुकते. शिवाय जिथे मणी एकमेकांत रुतलेत तिथला पृष्ठभाग नायट्रोजनला मिळतच नाही, म्हणून पृष्ठभाग कमी आणि व्यास जास्त दिसतो. ही तफावत स्वतःच सांगते की मणी सुटे नाहीत.

तुम्हाला गणित आवडत असेल तर पुंजक्यांचं फ्रॅक्टल गणित बघा. १९७९ मध्ये फॉरेस्ट आणि विटन यांनी धुराच्या कणांच्या पुंजक्यांत हे पहिल्यांदा दाखवलं. मोकळ्या धुरात टक्कर होईल तिथे चिकटत बनलेल्या पुंजक्याची मिती १.८ च्या आसपास येते, म्हणजे भरीव गोळ्याच्या ३ पेक्षा खूपच विरळ. पुंजका दुप्पट लांब झाला तर त्यातले मणी आठपट होत नाहीत, साधारण साडेतीन पट होतात.

---

मृण्मयी_के

साडेतीन पट!! हे वाचून पोकळी कुठून येते ते एकदम लख्ख कळलं.

अजून एक, माझा भाऊ मिक्सिंगमध्ये आहे, कार्बन फीडिंगला. हे नॅनो वगैरे आहे तर फुप्फुसात जाण्याचं काय?

---

रिॲक्टरवाले_काका

ताई, प्रश्न अगदी योग्य आहे आणि गंभीरपणे घ्या. कारखान्याच्या हवेत सुटे ३० नॅनोमीटरचे मणी तरंगत नसतात, पुंजके आणि त्यांची ढेकळंच असतात, आणि ब्लॅक बहुतेक वेळा दाणेदार करूनच विकतात, पाणी आणि मळी किंवा लिग्निनसारखं बाइंडर घालून पिन मिक्सरमध्ये गोळ्या वळतात आणि ड्रायरमध्ये वाळवतात. तरी गोळ्या वाहतुकीत घासून फाइन्स (बारीक भुकटी) होतात, पोती फोडताना तेच उडतात, आणि श्वासातून आत जाण्याइतके बारीक असतात. कर्करोगावर संशोधन करणारी आयएआरसी कार्बन ब्लॅकला २बी गटात धरते, म्हणजे माणसात कर्करोगाची शक्यता, पुरावा अपुरा. अमेरिकेत ओशा या कामगार सुरक्षा संस्थेची कामाच्या जागची मर्यादा घनमीटरला ३.५ मिलिग्राम आहे. भावाला सांगा, फडक्याचा मास्क चालणार नाही, धुळीचा योग्य रेटिंगचा रेस्पिरेटर हवा, आणि फीडिंगच्या तोंडाशी सक्शन चालू आहे का ते रोज बघायचं. कपडे घरी आणून इतर कपड्यांत धुवायचे नाहीत.

---

ट्रेडरबर_नवा

सर, ज्या युनिटचा उल्लेख आहे तिथेच मी क्वालिटीला आहे, आमच्या साहेबांनी धागा वाचायला सांगितला. एक अडचण, ३२६ चे बरेच टन पडून आहेत, फेकता येणार नाहीत. लोडिंग (रबरातलं ब्लॅकचं प्रमाण) वाढवून ३३० सारखं करता येईल का? आणि ३२६ च्या बॅचमध्ये मायक्रोस्कोपखाली ढेकळं पण जास्त दिसली.

---

कंपाउंडर_वाळूज

@ट्रेडरबर_नवा थोडं वाढवून मॉड्युलस आणि स्वेल जवळ आणता येईल, पण पृष्ठभागही त्याच प्रमाणात वाढतो, म्हणजे हीट बिल्ड-अप (टायर चालताना आतून तापणं) वाढेल, आणि ट्रकच्या ट्रेडमध्ये ते मला अजिबात नको वाटतं. त्यापेक्षा ३२६ आणि ३४७ मिसळून ट्रायल घ्या. तेलाचा आकडा मिश्रणात साधारण वजनाच्या प्रमाणात येतो, साठ टक्के ३४७ आणि चाळीस टक्के ३२६ घेतलं तर ओएएन १०३ च्या आसपास बसतो, सीओएएन ८६-८७, आणि आयोडीन दोन्हीचे ९० आणि ८२ असल्याने फार हलत नाही. आधी लॅब मिक्सरवर, मग एक प्लँट बॅच, एकदम सगळ्या लाइनवर नको.

ढेकळांचं कारणही स्ट्रक्चरच. पुंजके आटोपशीर असले की गोळीत गच्च बसतात, रबराला आत शिरायला वाट कमी, शिवाय कंपाउंड पातळ असल्यामुळे मिक्सरमध्ये शिअर (ढेकळं फोडणारा जोर) कमी, दोन्ही बाजूंनी नुकसान. तुम्ही तेल ब्लॅकसोबतच टाकता ना? ते मागे न्या. ब्लॅक आधी पूर्ण आत जाऊ द्या, पॉवरचा दुसरा उंचवटा आला की मग तेल. राहिलेलं ढेकूळ दहा-वीस मायक्रॉनचं असलं तरी ट्रेडमध्ये तिथूनच चीर सुरू होते, त्यामुळे डिस्पर्शनचं (कार्बन किती नीट विखुरला त्याचं) रेटिंग प्रत्येक ट्रायलला लिहून ठेवा.

---

ट्रेडरबर_नवा

पॉवर कर्व्ह आमच्या पॅनलवर येतो पण कोणी बघत नाही, उद्यापासून बघतो. ३४७ कमी घेता येईल का, महाग पडतोय.

---

उसगावचो_अभियंता

३४७ च्या जागी ३३९ मिळतो का विचारा, ओएएन १२०, आयोडीन ९०, बाजारात जास्त फिरतो. प्रमाण तेच ठेवून चालेल, आकडा १०१ येईल.

---

कंपाउंडर_वाळूज

हो, ३३९ चालेल. सर्टिफिकेटवर ओएएन आणि सीओएएन दोन्ही मागा, आणि आलेल्या मालाचं सॅम्पल एकाच पोत्याच्या वरच्या थरातून घेऊ नका, वाहतुकीत फाइन्स खाली बसतात, तीन-चार पोत्यांच्या मधून काढून एकत्र करा. ट्रायलचे आकडे आले की इथेच टाका, मूनी, ३०० टक्के आणि पट्टीची जाडी तिन्ही.